बाटलीतलं औषध, रक्तातलं औषध

वर्ध्यातल्या कुठल्याही मोठ्या शस्त्रक्रियागृहात भुलेच्या ट्रेवर नजर टाकली, तर एकाच औषधाची दोन रूपं शेजारी शेजारी दिसतात. एक चार मिलीची काचेची अँप्यूल आणि दुसरी रबरी बुचाची वीस मिलीची व्हायल. दोन्हींवर बुपिव्हाकेन हेच नाव, दोन्हींवर तीव्रताही तीच, ०.५ टक्के. अँप्यूलवर फक्त ‘हेवी’ हा एक शब्द जास्त असतो, कारण तिच्यात मिलीमागे ८० मिलीग्रॅम ग्लुकोज मिसळून औषध मणक्यातल्या पाण्यापेक्षा जड केलेलं असतं. सिझरसाठी कमरेतून जी ‘स्पायनल’ देतात तिला या अँप्यूलमधले दोन मिली पुरतात, म्हणजे दहा मिलीग्रॅम. व्हायल एपिड्युरलसाठी. तिथे पंधरा-वीस मिली लागतात, म्हणजे ७५ ते १०० मिलीग्रॅम. औषध तेच, पाठ तीच, दोन्ही सुयांच्या टोकांमधलं अंतर काही मिलीमीटरचं, आणि मात्रा मात्र जवळपास दहापट.

या लेखाचा विषय त्या दहापटीतच आहे. स्पायनलमध्ये औषध थेट मणक्याच्या पाण्यात जातं आणि मज्जातंतू तिथेच असतात. ते दहा मिलीग्रॅम उद्या सगळेच्या सगळे रक्तात उतरले तरी हृदयाला फारसा फरक पडायचा नाही. एपिड्युरलची सुई मज्जारज्जूच्या बाहेरच्या आवरणाला, ड्युराला, न भेदता अलीकडेच थांबते. तिथली पोकळी म्हणजे रिकामी जागा नव्हे. चरबी आणि झडपा नसलेल्या पातळ शिरांचं जाळं तिच्यात भरलेलं असतं. तिथे सोडलेल्या औषधावर तिघांचा हक्क लागतो. थोडं मज्जातंतूंकडे जातं आणि तेवढ्यानेच रुग्णाचं काम होतं. थोडं चरबीत मुरतं. उरलेलं शिरा उचलतात आणि काही मिनिटांत हृदयाकडे पोचवतात. कोणाला किती मिळणार, हे औषधाच्या नावावरून ठरत नाही. त्याच्यासोबत बाटलीत आणखी काय आहे, यावरून बरंच ठरतं. कंपनीचं लेबल वाचताना आपण, आणि कधीकधी डॉक्टरही, नेमका हाच भाग गाळतो.

वर्धा हा या विषयासाठी विचित्र म्हणावा असा जिल्हा आहे. शहराच्या दोन बाजूंना दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू केली. कस्तुरबा रुग्णालय तिचंच. सावंगी (मेघे) इथलं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९९० चं, आणि त्याचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. वर्ध्याबरोबर यवतमाळ, चंद्रपूर, अमरावतीकडचेही रुग्ण या दोन ठिकाणी येतात. इथे भूलशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी रात्रंदिवस हजर असतात, कॅथेटर असतो, मॉनिटर असतो. तासाभराच्या अंतरावरच्या लहान रुग्णालयात मात्र चित्र वेगळं. तिथे भूलतज्ज्ञाला फोन करून बोलावतात, नाहीतर एमबीबीएस डॉक्टरांना अठरा आठवड्यांचं जीवरक्षक भूल-प्रशिक्षण देण्याच्या सरकारी योजनेतून तयार झालेल्या डॉक्टरवर भिस्त ठेवतात. अशा ठिकाणी स्पायनल होते, एपिड्युरल सहसा नाही. याला कौशल्य हे एक कारण, आणि ती दहापट मात्रा हे दुसरं.

एपिड्युरल देताना रुग्णाला टेबलाच्या कडेला बसवतात. “हनुवटी छातीला लावा, पाठ बाहेर काढा, आता हलायचं नाही ताई,” हे शब्द रोजचेच. त्वचा बधिर केल्यावर ट्युही सुई आत जाते. तिच्यावर सेंटीमीटरच्या खुणा असतात आणि टोक किंचित वळलेलं असतं. मागे सलाईन भरलेली सिरिंज लावून भूलतज्ज्ञ अंगठ्याने दाबत, मिलीमीटर-मिलीमीटर पुढे सरकतो. पिवळ्या अस्थिबंधात सुई असेपर्यंत दट्ट्या हलत नाही. बंध ओलांडला की अंगठ्याखालचा विरोध एकाएकी नाहीसा होतो. सडपातळ बाईत ही जागा त्वचेपासून तीन-चार सेंटीमीटरवरच लागते. १९२१ मध्ये फिदेल पाहेस या स्पॅनिश लष्करी सर्जनने कमरेच्या एपिड्युरलचं पहिलं सविस्तर वर्णन लिहिलं. दहाएक वर्षांनी इटलीत दोलियोत्तीने हा ‘विरोध गेला’चा हिशेब रूढ केला. आज प्लास्टिकची सिरिंज आली, पण अंगठ्याच्या जागी काही आलेलं नाही.

मग सुईतून कॅथेटर ही बारीक नळी आत सरकवतात, आणि येतो टेस्ट डोस. दोन टक्क्यांचं लिग्नोकेन, म्हणजे भुलेचंच दुसरं औषध, तीन मिली, त्यात पंधरा मायक्रोग्रॅम ॲड्रिनलिन. सगळ्यांचे डोळे मॉनिटरवर. कॅथेटरचं टोक चुकून शिरेत असेल तर मिनिटभरात नाडी वीसेक ठोक्यांनी उसळते. बाळंतिणीत ही खूण फसवी ठरते, कारण कळ आली की नाडी तशीही उसळते. गरोदरपणात पोटातली मोठी शीर दबते, तिचं रक्त मणक्याभोवतीच्या जाळ्यातून वाट काढतं आणि त्या शिरा तट्ट फुगतात. सुई शिरेत शिरायची शक्यता तिथेच वाढते.

कॅथेटर अगदी योग्य जागी असला तरी शोषण थांबत नाही. ते नेमकं कसं होतं हे मोजणं अवघड होतं, कारण रक्तात सापडलेलं औषध आत्ताच शिरलेलं की मघाशी शिरून फिरत असलेलं, हे कसं ओळखायचं? १९८० च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी त्यावर देखणी युक्ती काढली. एपिड्युरलमधून साधं औषध दिलं आणि त्याच वेळी शिरेतून तेच औषध थोडंसं दिलं, पण त्यातल्या काही हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन, ड्युटेरियम बसवून. शरीराला दोन्ही सारखीच, यंत्राला वेगळी. शिरेतल्या औषधाची विल्हेवाट शरीर कशी लावतं ते समजलं की पाठीतून किती आणि कधी आलं याचा हिशेब मांडता येतो. निघालं असं, की शोषण दोन चालींत होतं. साधारण तिसरा हिस्सा लगेच उचलला जातो. या चालीचं अर्धायुष्य दहा मिनिटांच्याही आत. उरलेलं सावकाश झिरपतं. लिग्नोकेनची ही दुसरी चाल दीड तासाच्या आतबाहेरची, तर बुपिव्हाकेनची सुमारे सहा तासांची. बुपिव्हाकेन चरबीत जास्त विरघळतं, म्हणून ते चरबीत दबा धरून बसतं. एपिड्युरल दिल्यावर पहिला अर्धा तास भूलतज्ज्ञ जागचा का हलत नाही, याचं उत्तर पहिल्या चालीत आहे. लागोपाठ डोस देताना तो बेरीज का मांडतो, याचं उत्तर दुसऱ्या चालीत.

आता ती बेरीज आपल्या माणसांवर मांडून पाहू. बुपिव्हाकेनची सांगितली जाणारी मर्यादा किलोमागे दोन ते अडीच मिलीग्रॅम. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत ती बरेचदा एका आकड्यात दिलेली असते, १७५ मिलीग्रॅम. हा आकडा सत्तर किलोच्या माणसाचा आहे. विदर्भातल्या खेड्यातून आलेल्या बाईचं वजन ४५ किलो असणं मुळीच नवलाचं नाही. तिच्यासाठी दोनच्या हिशेबाने मर्यादा येते ९० मिलीग्रॅम, म्हणजे अठरा मिली. व्हायल वीस मिलीची. सगळी व्हायल रिकामी करायची सवय असलेला हात इथे बाटलीच्या मापाने औषध देतो, बाईच्या मापाने नाही. या मर्यादाही काही दगडावरची रेघ नाहीत. प्रौढांमध्ये वजन आणि रक्तातली पातळी यांचं नातं बऱ्यापैकी सैल असतं, आणि टोचण्याची जागा, वय, गरोदरपण, यकृत-हृदयाची स्थिती पाहूनच मर्यादा ठरवाव्यात, असं म्हणणाऱ्या तज्ज्ञांचं म्हणणं मला पटतं. पण सैल नातं म्हणजे मोकळीक नव्हे. ४५ किलोच्या बाईत तर नव्हेच.

शोषणाला लगाम घालायची सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे ॲड्रिनलिन. जोकिची ताकामिने यांनी १९०१ च्या सुमारास ते शुद्ध रूपात वेगळं काढलं आणि दोनच वर्षांत जर्मन सर्जन हाइनरिख ब्राउनने ते कोकेनमध्ये मिसळलं. शिरा आकसल्या की औषध जागेवर जास्त वेळ टिकतं. एपिड्युरलमध्ये ॲड्रिनलिनमुळे लिग्नोकेनची रक्तातली सर्वोच्च पातळी वीस-तीस टक्क्यांनी खाली येते. बुपिव्हाकेनवर हा परिणाम कमी आणि बेभरवशाचा, कारण ते आधीच चरबीत बसलेलं असतं. रोपिव्हाकेन हे बुपिव्हाकेनच्याच कुळातलं औषध स्वतःच शिरा थोड्या आकसवतं, म्हणून त्याला ॲड्रिनलिनची जोड देऊन विशेष काही हाती लागत नाही. जी युक्ती एका औषधाला लागू ती दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही, हे इथेच दिसतं.

प्रमाण ठरलेलं आहे, दोन लाखांत एक. म्हणजे मिलीला पाच मायक्रोग्रॅम. ॲड्रिनलिनची अँप्यूल एक मिलीची आणि तिच्यात एक मिलीग्रॅम. वीस मिली औषधात त्यातलं ०.१ मिली घालायचं. एवढंसं मोजायला हाताशी असते इन्सुलिनची सिरिंज. आपल्याकडे त्या दोन प्रकारच्या मिळतात, लाल टोपणाची चाळीस युनिटची आणि नारिंगी टोपणाची शंभर युनिटची. लाल टोपणात ०.१ मिली म्हणजे चार रेघा. नारिंगीत दहा. चार रेघांची सवय झालेल्या हातात नारिंगी आली तर ॲड्रिनलिन निम्म्याहून कमी पडतं. दहा रेघांच्या सवयीला लाल मिळाली तर अडीचपट जातं, आणि मग नाडी कॅथेटर शिरेत असल्यामुळे वाढली की रेघा चुकल्यामुळे, हे कोणी सांगायचं?

मग कारखान्यातच मिसळून आलेलं वापरावं, हा सरळ विचार. पण त्यालाही किंमत आहे. ॲड्रिनलिन उजेडाने, उष्णतेने आणि हवेने नासतं. ते टिकावं म्हणून अशा बाटलीत सोडियम मेटाबायसल्फाइट घालतात आणि द्रावण बरंच आम्ल ठेवतात. साध्या लिग्नोकेनचा सामू साडेसहाच्या आसपास, तर ॲड्रिनलिनवाल्याचा चारच्या आगेमागे असू शकतो. भुलेचं औषध मज्जातंतूच्या आवरणातून आत शिरतं ते फक्त विद्युतभार नसलेल्या रूपात. रक्ताच्या सामूला लिग्नोकेनचा साधारण चौथा हिस्सा तशा रूपात असतो, बुपिव्हाकेनचा त्याहून कमी. आम्ल द्रावणात जवळपास काहीच नसतो. शरीर ते आम्ल हळूहळू मारतं, पण तेवढा वेळ जातो, आणि घाईच्या सिझरला तोच वेळ नसतो.

म्हणून लिग्नोकेनच्या दर दहा मिलीत एक मिली सोडा-बायकार्ब घालायची रीत आहे. परदेशी पुस्तकांतला हा नुस्खा ८.४ टक्क्यांच्या बायकार्बचा. आपल्या बाजारात बहुधा ७.५ टक्क्यांची अँप्यूल मिळते. फरक किरकोळ आहे, पण पुस्तक कुठलं आणि अँप्यूल कुठली हे ठाऊक असलेलं बरं. बुपिव्हाकेनमध्ये मात्र दहा मिलीला ०.१ मिलीच्या वर हात गेला की सिरिंजमध्ये पांढुरका गढूळपणा दिसतो. औषध द्रावणातून बाहेर पडलेलं असतं, आणि ती सिरिंज टाकूनच द्यायची.

वर्ध्याचा मे महिना पारा ४५ च्या पुढे नेतो. औषधाच्या खोक्यावर छापलेलं ‘२५ किंवा ३० अंशांखाली, उजेडापासून दूर’ हे वाक्य नागपूरहून आलेल्या टेंपोने, बसस्टँडसमोरच्या दुकानाने आणि दुपारी वीज गेलेल्या भांडारघराने पाळलं असेल का, हा प्रश्न मला वाटतो तितका विचारला जात नाही. बुपिव्हाकेन तसं चिवट असतं. नासतं ते त्यातलं ॲड्रिनलिन, आणि ते नासलेलं नेहमीच डोळ्यांना दिसतं असंही नाही. तरीही रेघांच्या गोंधळापेक्षा मी कारखान्याचीच मिसळण पसंत करीन, थंड जागेची खात्री असेल तर.

लेबलवरचं आणखी एक नाव म्हणजे मिथाइलपॅराबेन. बुचातून पुन्हा पुन्हा सुई घालून वापरायच्या मोठ्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून ते घालतात. टाके घालायला ती बाटली उत्तम. मणक्यात ती चालत नाही, आणि तसं तिच्यावर छापलेलंही असतं. परिरक्षकांचा धडा जगाला क्लोरोप्रोकेनने शिकवला. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एपिड्युरलसाठीचं हे औषध चुकून मणक्याच्या पाण्यात गेलेल्या काही रुग्णांचे पाय लुळे पडले. संशय आला तो बायसल्फाइट आणि आम्ल द्रावण यांच्या जोडीवर. बायसल्फाइट काढून ईडीटीए घातलं, तर कंबर धरल्याच्या तक्रारी आल्या. शेवटी दोन्ही वगळलेलं द्रावण आलं. सगळा दोष बायसल्फाइटचाच होता का, यावर पुढे वाद झाला. पण औषधाच्या रेणूत काडीचाही बदल न करता निव्वळ सोबत्यांवर एवढं रामायण झालं.

क्लोरोप्रोकेनचं मोठं आकर्षण हे, की रक्तात शिरताच एक विकर त्याचे तुकडे करतं आणि मिनिटभरातच त्याची निम्म्याहून जास्त मात्रा संपते. शोषणाची भीती जवळजवळ उरत नाही. हेच विकर फवारणीची ऑर्गनोफॉस्फरस विषं निकामी करतात. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले होते. कपाशीच्या मुलखात ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये आलेल्या रुग्णाला ‘फवारणी केव्हा केली होती?’ हा प्रश्न भूलतज्ज्ञाने विचारावा, याचं कारण या रसायनात आहे. परदेशी पुस्तकातल्या तपासणी-यादीत तो सहज सापडायचा नाही.

बुपिव्हाकेन रक्तात जास्त गेलं तर काय होतं, ते १९७९ साली जॉर्ज अल्ब्राइट यांनी एका संपादकीयात लिहिलं. हृदय बंद पडतं आणि मग पुन्हा सुरू होता होत नाही. हृदयाच्या सोडियम-वाहिन्यांत हे औषध झटकन शिरतं आणि फार सावकाश बाहेर पडतं. १९८४ मध्ये अमेरिकेत ०.७५ टक्के तीव्रतेचं बुपिव्हाकेन बाळंतिणींसाठी बंद करण्यात आलं. रेणू बदलला नाही, बाटलीतली तीव्रता बदलली. रोपिव्हाकेन आणि लेव्होबुपिव्हाकेन हे त्यानंतरचे, हृदयावर जरा कमी जड जाणारे भाऊबंद.

धोक्याची सुरुवात मेंदूकडून होते. जिभेला धातूची चव, ओठांभोवती मुंग्या, कानात आवाज, मग बडबड, मग झटका. पुस्तकात हे टापटीप लिहिलेलं असतं. वर्ध्याच्या टेबलावर मात्र ते “कान वाजून राहिले माये” किंवा “तोंडाले मुंग्या येऊन राहिल्या” असं ऐकू येतं. आणि सगळ्यात जास्त वेळा “मले कसंतरीच होऊन राहिलं” एवढंच. हे कसंतरी म्हणजे रक्तदाब उतरल्याचं, घाबरल्याचं की औषध चढल्याचं, हे त्या क्षणी ओळखायचं असतं. बाहेरून शिकायला आलेल्या निवासी डॉक्टरने पहिल्या महिन्यात वऱ्हाडी शिकून घ्यावी, असं मला यासाठी वाटतं.

उपाय आला तो अनपेक्षित बाजूने. शिकागोच्या गाय वाइनबर्ग यांनी १९९८ मध्ये उंदरांवर दाखवलं, की शिरेतून चरबीचं द्रावण दिलं तर बुपिव्हाकेनची प्राणघातक मात्रा बरीच वर सरकते. २००६ मध्ये न्यू यॉर्कमध्ये थांबलेलं हृदय या द्रावणाने पुन्हा चालू झाल्याचा पहिला वृत्तांत आला. अतिदक्षता विभागात शिरेतून अन्न म्हणून देतात तेच हे दुधासारखं द्रावण, वीस टक्के सोयाबीन तेल, सोबत अंड्यातलं फॉस्फोलिपिड आणि ग्लिसरीन. पहिला डोस किलोमागे दीड मिली. आपल्या ४५ किलोच्या बाईला सत्तर मिलीच्या आत. छाती दाबणं, श्वास देणं हे आधी आणि सोबत चालूच ठेवायचं. सोयाबीन हे वर्ध्याचं घरचं पीक, पण त्या तेलाची ही बाटली शस्त्रक्रियागृहाच्या कपाटात हवी. जिना उतरून औषधभांडारात जाऊन, सही करून आणायची असेल तर ती नसल्यासारखीच. वापर क्वचित, मुदत संपून फेकावी लागणारी, म्हणून लहान रुग्णालयांचा हात आखडतो. याच जिल्ह्यात सेवाग्रामच्या डॉक्टरांनी गावकऱ्यांकडून सुगीला ज्वारी घेऊन आरोग्यविमा चालवून दाखवला होता. तेव्हा एका बाटलीचा खर्च दहा शस्त्रक्रियागृहांत वाटून घेणं अशक्य आहे, असं मला कोणी पटवू शकणार नाही.

इथल्या महाविद्यालयांतले भूलशास्त्राचे प्रबंध चाळले तर आणखी एक कल दिसतो. बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेनमध्ये क्लोनिडीन, डेक्समेडेटोमिडीन, फेंटानिल असं काही मिसळून तुलना करायची. भूल लवकर चढली का, किती टिकली, नाडी किती उतरली. भारतभर हे पीक फोफावलंय. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे फेंटानिल-मॉर्फिनची कागदपत्रं सांभाळणं लहान रुग्णालयांना जिकिरीचं होतं, हे त्यामागचं एक खरं कारण आहे. या प्रबंधांतून टिकण्याचे तास कळतात, रक्तातली पातळी सहसा मोजलेली नसते. मोजायला महागडं यंत्र लागतं, हे मान्य. पण त्यामुळे आपल्या वजनाच्या, आपल्या आहारातल्या रुग्णांत शोषण कसं होतं, हे आपण लायडनच्या आकड्यांवरूनच ताडत राहतो.

मोठ्या ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस कॅथेटरमधून औषध थेंबाथेंबाने चालू ठेवतात. रोज रक्त तपासलं तर बुपिव्हाकेनची एकूण पातळी चढत गेलेली दिसते आणि छातीत धस्स होतं. प्रत्यक्षात ऑपरेशननंतर यकृत एक विशिष्ट प्रथिन जास्त बनवतं, ते औषधाला बांधून ठेवतं, आणि उपद्रव करणारं मोकळं औषध फारसं वाढत नाही. तान्ह्या बाळात हे प्रथिन मुळातच कमी, त्यामुळे तिथे हा दिलासा नाही. चरबीच्या सूक्ष्म पुड्यांत बुपिव्हाकेन भरून ते तीन दिवस सावकाश सोडणारं औषधही २०११ पासून अमेरिकेत आहे. ते जखमेभोवती टोचायला परवानगी आहे, एपिड्युरलमध्ये नाही.

बाळंतकळांसाठी हल्ली सगळ्यात शहाणपणाची बाटली सगळ्यात पातळ आहे. ०.१ टक्के बुपिव्हाकेन, मिलीला दोन मायक्रोग्रॅम फेंटानिल, तासाला आठ-दहा मिली. म्हणजे तासाला दहा मिलीग्रॅमच्या आत. आठ तास चाललं तरी बेरीज एका व्हायलएवढीही होत नाही, आणि तोवर यकृताने त्यातलं बरंच निस्तरलेलं असतं. बाई पाय हलवू शकते, कळ कळते पण चावत नाही. शोषणाचा प्रश्न इथे जवळपास सुटलेलाच आहे. उरतो तो माणसाचा. असं एपिड्युरल चालू असताना रक्तदाब पाहणारं, पंप पाहणारं, कॅथेटर सरकला तर ओळखणारं कोणीतरी रात्रभर जागं लागतं. सेवाग्राम-सावंगीत निवासी डॉक्टर असतात. लहान रुग्णालयात भूलतज्ज्ञ केसपुरता येतो, केसप्रमाणे मानधन घेतो आणि पुढच्या फोनकडे निघतो. सिझरला ही पद्धत जमते. दहा तासांच्या कळांना जमत नाही.